लोटगाडीवरची परीक्षा

माझ्या लेकीची अमेरिकेतली परीक्षा जळगावात, केळीच्या लोटगाडीवर झाली, असं मी सांगायला लागले की ऐकणारी माणसं आधी हसतात आणि मग म्हणतात, "अक्का, मीठमसाला कमी करा." आता काय सांगायचं! मसाला लावायला जागा तरी शिल्लक होती का त्या दिवशी?

नव्वदीची सुरुवात असेल. आम्ही मेहरूणला राहत होतो. आमचे हे पाचोऱ्याला नोकरीला, रोज पॅसेंजरनं जाऊन-येऊन. मी सातवी शिकलेली. पुढचं शिक्षण माझं झालं ते लेकीच्या पुस्तकांतून. ती आठवीत तर मी आठवीचं इंग्रजी वाचायचे, ती दहावीत तर मी दहावीचं. कणीक मळता मळता पुस्तक समोर उभं करून वाचायचं, म्हणून आमच्या घरच्या सगळ्या पुस्तकांना पीठ लागलेलं. लेक पुढे शेतकी कॉलेजात गेली आणि माझी गाडी तिथं अडली. वाचता यायचं सगळं, कळायचं काहीच नाही.

लेकीचं लग्न धुळ्याकडच्या घरात झालं. जावई नरडाण्याला कारखान्यात इंजिनीअर. विहीणबाई खेड्यात राहून एकटीनं शेती बघायच्या. उंच, सावळ्या, आवाज असा की या बांधावरून हाक मारली तर त्या बांधावरचा बैल थांबावा. लग्नाच्या बोलाचालीतच आम्ही सांगितलं होतं की पोरीला पुढे शिकायचं आहे आणि त्यांनी मान हलवली होती. पण पुढे म्हणजे अमेरिकेत, हे त्यांना काय ठाऊक! तिकडच्या विद्यापीठात जागा मिळाली, शिष्यवृत्ती मिळाली, विषय काय तर काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा का पडतात, पाणी किती धरते, असलं काहीतरी. विहीणबाईंनी पदर खोचला आणि विचारलं, "मातीना अभ्यास कराले अमेरिका? मन्हा वावरमा ये माय, फुकट शिकाडस."

सगळे हसले, तीही हसली. पण दिलेला शब्द बाईंनी मोडला नाही. मुंबईला विमानतळावर पोचवायला स्वतः आल्या, आणि हातात शेवेचा डबा देऊन म्हणाल्या, तिकडे कोणाला देऊ नको, तूच खा.

पहिलं वर्ष झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक घरी आली, दोन महिने राहिली, परत गेली. आणि पावसाळा सरता सरता तिचं निळं हवाईपत्र आलं. पहिलीच ओळ, "आई, आनंदाची बातमी आणि घाबरायची बातमी एकच आहे." मला दुसरी ओळ वाचायची गरजच पडली नाही. मी तशीच पत्र हातात घेऊन अंगणात दोन गिरक्या मारल्या. मग बसले आणि मोठ्यानं म्हटलं, "अगं बाई, आता हिचं करायचं काय?"

तिची पत्रं त्या दिवसांत वाचावीत! सकाळी वर्गात जायची तर दाराशीच ओकारी. तिकडचं दूध नको, पाव नको, वास कशाचाच नको. डोहाळे म्हणाल तर ठेच्याचे आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचे, म्हणजे तिथं जे मिळणारच नाही त्याचे. शेवटी इलाज सापडला कुठं, तर तिच्या प्रयोगशाळेत. मातीच्या बरण्या होत्या, त्यांत पाणी घातलं की वास सुटायचा. ती तिथं स्टुलावर बसून बरणी हुंगायची आणि मळमळ थांबायची. तिचे प्रोफेसर एकदा आत आले, हिचं नाक बरणीत. त्यांना वाटलं, काय एकाग्रता आहे मुलीची! मी ते पत्र विहीणबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मातीना डोहाळा म्हणजे पोऱ्याच व्हई."

सातव्या महिन्यात ती ढगळा कोट घालून विमानात बसली आणि बाळंतपणाला माहेरी आली. प्रोफेसरांनी सांगितलं होतं, घरी राहून वाचन कर, पुढच्या कामाचा आराखडा तयार कर, उन्हाळ्यात शेतातलं काम सुरू होईल तेव्हा परत ये. अर्धी ट्रंक नुसती पुस्तकं आणि कागद. मार्चच्या सुरुवातीला तिला मुलगा झाला. विहीणबाई पाचवीच्या पूजेला आल्या आणि जरा जास्तच राहिल्या. म्हणजे राहिल्याच. म्हणाल्या, सव्वा महिना झाल्याशिवाय हलत नाही.

आमच्याकडं बाळंतिणीचे नियम काय थोडे असतात? त्यात माझे वेगळे आणि विहीणबाईंचे वेगळे, दोघींचे मिळून पोरीवर पडलेले. डोक्याला रुमाल, कानात कापूस, बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपांचा धूर. मेथीचा लाडू माझा, डिंकाचा त्यांचा, आणि दोघींनी समोर बसून विचारायचं, कोणता चांगला झालाय? लेक हुशार. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा, आलटून पालटून खायची.

पण एक नियम जड गेला. बाळंतिणीनं वाचायचं नाही. डोळे कच्चे असतात, पुढे जन्मभर पाणी गळतं. पोरीनं पुस्तक उघडलं की विहीणबाई येऊन मिटायच्या. रागावून नाही, अगदी मायेनं मिटायच्या, तेच तर अवघड. पोर रडवेली झाली. म्हणाली, "आई, मला वाचलं पाहिजे गं. नाहीतर माझी जागा जाईल."

मी विहीणबाईंना विचारलं, "डोळ्यांनी वाचायचं नाही. पण मी वाचून दाखवलं तर?"

त्यांनी विचार केला. "तोंड तुमनं, डोया तुमना. मंग तिले काय व्हस? वाचा."

झालं! दुसऱ्या दिवसापासून मी बाजेशेजारी पाटावर बसून मातीचं इंग्रजी वाचायला लागले. अर्थ मला कळेना, आणि तिच्या कानांत कापूस, वर रुमाल, म्हणून तिला ऐकू येईना. मग मी ओरडून वाचायचे. एकेक शब्द हातभर लांब, मी त्याचे तुकडे पाडून म्हणायचे, ती बाजेवरून तुकडे जोडून घ्यायची. "पुढे, आई, पुढे!" कधी हसून हसून तिचं पोट दुखायचं आणि विहीणबाई आतून यायच्या, टाके तुटतील म्हणून दोघींना दटावायला. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, अक्का कोणाशी भांडतात इंग्रजीत? गंमत म्हणजे बाळ दुसऱ्या कशानं झोपायचं नाही, माझं वाचन सुरू झालं की पाच मिनिटांत गाढ. मी थांबले की रडायचं. मग काय, स्वयंपाक विहीणबाईंकडे आणि मी दिवसभर मातीत.

अशात प्रोफेसरांचं पत्र आलं. लेकीनं वाचलं, आणि या वेळी विहीणबाईंनीही हातातून घेतलं नाही, कारण तिचा चेहराच उतरला. दुसरा एक विद्यार्थी तिच्या जागेसाठी थांबला होता. प्रोफेसरांना खात्री करून घ्यायची होती. एवढ्या महिन्यांत काय वाचलं, काय ठरवलं, बाळ घेऊन ती खरंच येऊ शकेल का, हे सगळं ते स्वतः फोनवर विचारणार. अमुक दिवशी, आमच्याकडच्या संध्याकाळी सातला. त्यावरून जागा ठेवायची की द्यायची ते ठरणार. पत्र यायलाच इतके दिवस लागले होते की तो दिवस परवावर आला होता.

आणि फोन कुठं? आमच्या घरी नव्हता. गल्लीच्या तोंडाशी कापसाच्या अडत्याचं घर, त्यांच्याकडे होता. तोच नंबर लेकीनं देऊन ठेवलेला. आमचं घर गल्लीच्या या टोकाला, फोन त्या टोकाला, आणि सव्वा महिना व्हायला अजून अवकाश.

"पाय उंबऱ्याबाहेर नही," विहीणबाई म्हणाल्या.

"अहो, पण तिची जागा जाईल."

"मी जागाले नही म्हनस का? पायले नही म्हनस."

मला आधी राग आला. मग लक्षात आलं, बाई म्हणतेय ते नीट ऐकायला हवं. पाय बाहेर पडायला नको. पोर बाहेर पडायला नको असं तिनं म्हटलेलं नाही. मी विचारलं, "पाय जमिनीला न लावता नेली तर?"

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत जरा हसू आलं. "मंग सव्वा महिनाले काय समजस?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या ओट्यावर सभाच भरली. जावई रजा टाकून नरडाण्याहून आले होते. हे पाचोऱ्याला गेलेच नाहीत. अडत्यांच्या घरच्या काकू आल्या, कारण फोन त्यांचा. रिक्षा आत येईना, गल्लीत गटारीसाठी खणून ठेवलेलं. बैलगाडी तर त्याहून रुंद. हे म्हणाले, "सोपं आहे, बाज उचलू. चार कोपऱ्यांना चार माणसं."

विहीणबाई केवढ्यानं ओरडल्या! "चार जनस्नी उचलेल खाट कोनी ऱ्हास, माहीत शे ना तुम्हले?"

तिरडीच की ती! ह्यांनी तर जीभच चावली. काकू म्हणाल्या, "मग पाच जण उचला." त्यावर पाचव्यानं धरायचं कुठं, यावर अर्धा तास गेला.

मग जावई उठले. कानापर्यंत लाल. खाली बघत म्हणाले, "मी उचलून नेतो ना. हातावर."

अहो, काय सांगू! आमच्या गल्लीत लग्नाच्या मांडवातसुद्धा कोणी बायकोला उचललं नव्हतं, आणि हे पार गल्लीच्या तोंडापर्यंत, सासू-सासऱ्यांसमोर, भर उजेडात! काकूंनी पदर तोंडात कोंबला. आतून लेक ओरडली, "मला चालेल!" तर विहीणबाईंनी पोराकडे असं पाहिलं की तो पुन्हा खाली बसला.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "केळीऽऽ!" आमच्या गल्लीत रोज एक भाऊ लोटगाडीवर केळी घेऊन यायचे. चार चाकं, वर सपाट फळी, गटारीच्या कडेनं बरोब्बर निघायची. हाक ऐकली आणि मी आणि विहीणबाई एकाच वेळी उठलो.

भाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अक्का, गाडीवर आजवर अर्धापूरची केळी बसली, रावेरची बसली. बाळंतीण बसली नाही. पण बसू द्या. माल तर आपलाच आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊंनी गाडी धुऊन आणली. वर दोन गोधड्या, एक तक्क्या, चारी बाजूंनी साडी बांधून वाऱ्याला आडोसा. पण घरातून गाडीपर्यंतची दोन-तीन पावलं राहिलीच की! तिथं मात्र जावयांचीच वेळ आली. विहीणबाईंनी भिंतीकडे तोंड केलं, पदर डोळ्यांवर ओढला आणि म्हणाल्या, "मी काई देखं नही. झपकन कर." पोरानं बायकोला उचललं आणि गाडीवर ठेवलं. ती हसत होती, तो घामाघूम. मग मी बाळ तिच्या मांडीवर दिलं, विहीणबाईंनी बाळाच्या उशाशी चाकू आणि लिंबाचा डहाळा खोचला, आणि निघाली आमची वरात. पुढे हे, रस्ता करत. मागून भाऊ आणि जावई गाडी लोटत. एका बाजूला मी कागदांचा गठ्ठा छातीशी धरून, दुसऱ्या बाजूला विहीणबाई शेगडी घेऊन. शेगडी कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, अमेरिकेशी बोलताना गार पडली तर?

गल्लीतल्या बायका दारादारांत. कोणी म्हणालं, कुठं निघालात? मी म्हटलं, कॉलेजात!

अडत्यांच्या खिडकीखाली गाडी उभी केली. काकूंनी फोन खिडकीत आणून ठेवला, रिसीव्हर गजांतून बाहेर काढला, तार पुरली. सात वाजले. फोन नाही. सव्वासात झाले. नाही. लेक ओठ चावत होती. मी तिला कागद वाचून दाखवायला गेले तर ती म्हणाली, "आता नको, आई, सगळं डोक्यातून गेलंय." एवढे महिने ओकाऱ्या काढून, बरण्या हुंगून, पोटाशी कोट आवळून आलेली पोर. नुसत्या या एका घंटीवर सगळं टांगलेलं.

आणि वाजला! लांब घंटी. काकूंनी किंचाळूनच "हॅलो" म्हटलं आणि रिसीव्हर गजांतून दिला. लेकीनं रुमाल सोडला, कानातला कापूस काढून माझ्या हातात दिला. विहीणबाईंनी पाहिलं आणि शेगडी जरा जवळ धरली.

पोर बोलायला लागली आणि काय बोलली ती! आमची पोर, बाजेवर लाडू खाणारी, ती इंग्रजीत अशी धडधड बोलत होती की गल्ली चिडीचूप. मधेच मला माझे ओरडून वाचलेले शब्द ओळखू यायला लागले. हा माझा! हाही माझा! मी विहीणबाईंना कोपरानं ढोसून सांगत होते. अर्थ तेव्हाही कळला नाही, पण ओळख पटली.

इतक्यात एक गृहस्थ सायकलवरून उतरले, आडोशाच्या साडीजवळ आले आणि विचारलं, "भाऊ, डझन कशी?"

भाऊ कुजबुजले, "आज केळी नाही. आज अमेरिका आहे."

गृहस्थ तिथंच उभे राहिले ऐकत.

मग बाळ उठलं. माझं वाचन बंद होतं ना! असं रडलं की तार नसती तरी अमेरिकेपर्यंत गेलं असतं. लेकीनं एका हातानं त्याला पदराखाली घेतलं, दुसऱ्या हातात फोन, बोलणं चालूच. आडोसा होता म्हणून बरं. तिकडून काहीतरी विचारलं गेलं आणि ती पहिल्यांदाच थांबली. रिसीव्हरवर हात ठेवला. डोळे भरले होते.

"आई, सर विचारताहेत, तू शेतात काम करशील तेव्हा बाळ कोण सांभाळणार? नक्की माणूस सांगा म्हणतात."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांना नुकतंच रक्तदाबाचं दुखणं लागलेलं, त्यांच्या पथ्यपाण्याला मी हवी. जावयांची नोकरी.

"मी शे ना!" विहीणबाई म्हणाल्या. शेगडी खाली ठेवली, पदर खोचला. "सांग तुना मास्तरले, आजी येस म्हना. बठ्ठा कापूस वेचाई गया, वावर मोकळंच शे. पुढली पेरनी मन्हा भाऊ करी लई."

"आत्याबाई, अमेरिकेत!" लेक सासूला म्हणाली.

"मंग आठे का?" त्या म्हणाल्या. "मास्तर ताटकळना. सांग!"

पोरीनं सांगितलं. रडत, हसत, इंग्रजीत. तिकडून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला, गजांपर्यंत ऐकू येईल असा. तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, "जागा ठेवली. मे महिन्यात या म्हणाले. दोघींनी आणि बाळानं." मग जे झालं ते मला नीट सांगता यायचं नाही. काकूंनी घरातल्या शेवेची परात बाहेर आणली, सायकलवाल्या गृहस्थांनीही घेतली. ह्यांनी आणि जावयांनी एकमेकांना मिठी मारली, सासरा-जावयांनी! आणि मी विहीणबाईंच्या गळ्यात पडले तर त्या म्हणाल्या, "सोड व अक्का, पोरीना कानमा कापूस घाल आधी."

विहीणबाई खरंच गेल्या. लुगडं नेसून, लसणाची चटणी घेऊन, आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसून. जाताना मला बजावलं, अधूनमधून वावराकडे एक चक्कर मारायला कोणाला तरी पाठवा, भावाचा भरवसा नाही. वर्षभर तिकडं पोरगी शेतातल्या भेगा मोजायची आणि ह्या बांधावर नातवाला खांद्यावर घेऊन उभ्या. मी इथं बसून जळायचे, खोटं कशाला बोलू! नातू चालायला लागला, पहिला दात आला, सगळं त्यांनी पाहिलं.

शेवटच्या परीक्षेच्या दिवशी मी दुपारपासून अडत्यांच्या घरी जाऊन बसले होते. पोरीनं सांगून ठेवलं होतं, निकाल लगेच कळवीन. रात्रीचं जेवण काकूंकडेच झालं. शेवटी फोन आला. पलीकडे लेक नव्हती, विहीणबाई होत्या.

"अक्का, पास व्हयनी! बठ्ठा मास्तर उभा ऱ्हायनात तिन्हासाठे!"

"विहीणबाई, नीट सांगा हो, काय विचारलं, ती काय बोलली, साडी कोणती नेसली होती..."

"आते नही. पोऱ्याले भूक लागनी. ठेवस मी."

आणि ठेवला! मी तशीच रिसीव्हर हातात घेऊन गल्लीत तोंड काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "पास झाली होऽऽ!"